सुरू न होणारा संगणक आणि अभावाचे ज्ञान

एखादी घटना घडली की तिचे कारण शोधण्याकडे माणसाचे मन आपोआप वळते. परंतु जी घटना घडायला हवी होती ती घडलीच नाही, तर त्या न घडण्याचे कारण कसे ठरवायचे आणि ते ठरवताना पुरावा म्हणून काय धरायचे, हा प्रश्न अधिक अवघड आहे. भारतीय दर्शनांनी तो ‘अभाव’ या संज्ञेखाली विचारात घेतला. न्याय-वैशेषिक परंपरेत द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय या सहा पदार्थांच्या जोडीला अभाव हा सातवा पदार्थ मानला गेला, म्हणजे ‘जमिनीवर घट नाही’ या वाक्यातले ‘नाही’ हेही जगातल्या एका वस्तुस्थितीचे नाव आहे असे या परंपरेने स्वीकारले. तर सातव्या शतकातील कुमारिल भट्टांना मानणाऱ्या मीमांसकांनी त्या ‘नाही’चे ज्ञान प्रत्यक्षाने किंवा अनुमानाने होत नसून अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, या स्वतंत्र प्रमाणाने होते असे प्रतिपादन केले. पंधरा-वीस वर्षांचा जुना डेस्कटॉप संगणक बटण दाबूनही सुरू होत नाही, तेव्हा त्याच्यासमोर बसलेल्या कारागिराला नेमके हेच ज्ञान हवे असते: काय नाही, आणि ते नाही हे कशावरून. या दोन क्षेत्रांना एकत्र ठेवून पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते, ती ही की मौन स्वतःहून कशाचाही पुरावा नसते. ते पुरावा ठरावे यासाठी आधी काही अटी पूर्ण कराव्या लागतात, आणि त्या पूर्ण न करता दिलेला निकाल बरोबर निघाला तरी त्याला ज्ञान म्हणता येत नाही.

संगणकाचे ‘सुरू होणे’ ही एक घटना वाटत असली तरी ती अनेक घटनांची साखळी आहे. इंटेलने १९९५ मध्ये पुढे आणलेल्या एटीएक्स रचनेच्या संगणकात एसएमपीएस, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचे ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करणारा डबा, भिंतीवरचे बटण चालू होताच जांभळ्या तारेवर ५ व्होल्टचा मंद पुरवठा सुरू ठेवतो. संगणक बंद दिसत असतानाही मदरबोर्डचा एक कोपरा या पुरवठ्यावर जागा असतो. कॅबिनेटच्या दर्शनी भागावरचे बटण दाबले की मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जुळतात, मदरबोर्ड हिरव्या तारेवरचा दाब शून्याजवळ आणतो, त्या इशाऱ्यावर एसएमपीएस सगळे पुरवठे सोडतो, आणि ते स्थिरावल्यानंतर, साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांच्या आत, राखाडी तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देतो. तो संकेत मिळेपर्यंत प्रोसेसर रोखून धरलेला असतो. मिळाल्यावर तो बायॉसच्या चिपमधली पहिली आज्ञा वाचतो, बायॉस स्वतःच्या पूर्वतपासणीत रॅम, कीबोर्ड आणि डिस्प्ले कार्ड पाहते, सर्व ठीक असल्यास अनेक मदरबोर्ड एक लहान बीप देतात, आणि मग कारभार हार्ड डिस्कच्या हवाली होतो. न्यायशास्त्र ज्याला कारणसामग्री म्हणते, म्हणजे ज्यातला प्रत्येक घटक हजर असेल तरच कार्य उत्पन्न होते असा कारणांचा समुदाय, त्याचे इतके स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. या सामग्रीत एक घटक कमी असला तरी कार्य होत नाही, आणि कोणताही घटक कमी असला तरी बाहेरून दिसणारे फळ तेच, म्हणजे काळा पडदा.

एकाच अभावामागे अनेक कारणे संभवतात तेव्हा पहिली पायरी संशयाची असते. गौतमाच्या न्यायसूत्रांत तत्त्वज्ञानाच्या सोळा विषयांची जी यादी येते तिच्यात प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच नंतर संशयाला स्थान आहे. आणि भाष्यकार वात्स्यायनांच्या मते जे मुळीच ठाऊक नाही किंवा जे आधीच निश्चित झाले आहे अशा विषयात युक्तिवाद प्रवृत्त होत नाही, तो संशयित विषयातच होतो. संशय म्हणजे येथे अविश्वास नव्हे. एकाच वस्तूबाबत परस्परविरुद्ध दोन शक्यता मनात एकदम उभ्या राहणे हा त्याचा शास्त्रीय अर्थ. ग्राहक दुकानात येऊन ‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ असे सांगतो, तेव्हा त्या एका वाक्यात किमान तीन वेगळ्या स्थिती मिसळलेल्या असतात. पहिलीत बटण दाबल्यावर पंखा हलत नाही आणि दिवाही लागत नाही. दुसरीत पंखे फिरतात पण ‘डिस्प्ले येत नाही’. तिसरीत डिस्प्ले येतो, कंपनीचे बोधचिन्ह दिसते, पण विंडोज उघडत नाही. पहिल्या स्थितीत शोध वीज, बटण आणि एसएमपीएस यांच्याकडे जातो, दुसरीत रॅम, प्रोसेसर, डिस्प्ले कार्ड आणि मदरबोर्डकडे, तिसरीत हार्ड डिस्क आणि तिच्यावरच्या फायलींकडे. साखळी कुठवर पोहोचली आणि कुठे थांबली हे आधी पाहणारा कारागीर अर्धे काम संशयाची नीट मांडणी करूनच संपवतो. जो तसे न करता ‘मदरबोर्ड डेड आहे’ म्हणतो, त्याने संशय न ओलांडता वगळलेला असतो.

यानंतर अनुपलब्धीचा खरा प्रश्न येतो. जमिनीवर घट दिसत नाही म्हणून तेथे घट नाही, असे म्हणता येण्यासाठी उजेड हवा, डोळे शाबूत हवेत आणि घट हा डोळ्यांना दिसण्याजोगा पदार्थ हवा. अंधाऱ्या खोलीत घट न दिसणे हे घट नसल्याचे प्रमाण नाही. या अटीला शास्त्रकारांनी योग्यता असे नाव दिले आणि ती पूर्ण करणाऱ्या न आढळण्याला योग्यानुपलब्धी म्हटले. अनुपलब्धी स्वतंत्र प्रमाण आहे की प्रत्यक्षाची सहकारी आहे याविषयी भाट्ट मीमांसक आणि नैयायिक यांच्यात मतभेद असला, तरी योग्यतेच्या अटीवर दोघांचेही एकमत आहे. ‘येथे घट असता तर जमिनीसारखाच तोही दिसला असता’ असे ज्या ठिकाणी खात्रीने म्हणता येते त्याच ठिकाणी न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते.

दुरुस्तीच्या टेबलावर हा सिद्धान्त अक्षरशः उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. जुन्या संगणकात बीपचा आवाज मदरबोर्डला चार पिनांच्या जागी जोडलेल्या एका छोट्या स्पीकरमधून येतो, आणि हा स्पीकर पुष्कळ कॅबिनेटांत बसवलेलाच नसतो किंवा आधीच्या दुरुस्तीत त्याची तार निसटून लोंबकळत राहिलेली असते. अशा संगणकातून बीप येत नाही यावरून मदरबोर्ड मेला असे म्हणणे हे अंधारात घट न दिसल्यावरून घट नाही असे म्हणण्यासारखेच आहे. जाणता कारागीर म्हणून आधी स्पीकर जोडतो आणि मग एक वरवर उलटी वाटणारी गोष्ट करतो: भिंतीवरचे बटण बंद करून, प्लग काढून, तो रॅमच्या सगळ्या पट्ट्या बाहेर काढतो आणि पुन्हा वीज देऊन संगणक सुरू करायला लावतो. रॅम नसेल तर संगणक सुरू होणार नाही हे निश्चित आहे. पण बायॉसची सुरुवातीची आज्ञावली रॅममध्ये नसून तिच्या स्वतःच्या चिपमध्ये असल्यामुळे प्रोसेसर आणि मदरबोर्ड जिवंत असतील तर ते रॅम सापडत नसल्याची तक्रार ठरावीक लयीच्या बीपांतून करतात, आणि ही लय बायॉस बनवणाऱ्या कंपनीनुसार वेगवेगळी असते. ती तक्रार ऐकू आली की एसएमपीएस, प्रोसेसर, बायॉस आणि मदरबोर्ड यांचा बराच भाग एका आवाजाने निर्दोष ठरतो. स्पीकर जोडलेला असून, रॅम काढलेली असूनही जर काहीच ऐकू आले नाही, तरच ते मौन योग्यानुपलब्धी होते आणि शोध रॅमच्या अलीकडे आहे एवढे सांगण्याचा अधिकार त्यातून मिळतो. स्पीकर जोडण्यापूर्वीचे मौन आणि जोडल्यानंतरचे मौन कानाला सारखेच असते. ज्ञान म्हणून मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

अनुपलब्धीप्रमाणे उपलब्धीही फसवी असू शकते, आणि हेत्वाभासाचे, म्हणजे हेतूसारख्या दिसणाऱ्या पण साध्य सिद्ध न करणाऱ्या कारणाचे, प्रकरण तिच्यासाठीच रचले गेले आहे. एसएमपीएसची हिरवी तार काळ्या तारेला पेपरक्लिपने जोडून तो सुरू होतो का हे पाहण्याची रीत सर्वत्र प्रचलित आहे, आणि पंखा फिरला की ‘एसएमपीएस ठीक’ असा निकाल दिला जातो. या अनुमानातला हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे साध्य नसलेल्या जागीही तो आढळतो: आतला कॅपॅसिटर जुना होऊन त्यातला द्रव सुकला असेल, तर भार नसताना पुरवठा बरोबर दिसतो, पंखा फिरतो, आणि मदरबोर्ड जोडून प्रोसेसरने वीज ओढताच तोच पुरवठा कोसळतो. मल्टिमीटरने, आणि तेही भार असताना, मोजले तर १२ व्होल्टची पिवळी तार ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची लाल तार ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत आहे की नाही हे कळते. पाच टक्क्यांच्या या मर्यादेत असणे हा पंख्यापेक्षा कितीतरी भरवशाचा हेतू आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष कॅपॅसिटर बसवले गेले होते, आणि ते पुढे मोठ्या संख्येने निकामी झाले. प्रोसेसरभोवतीच्या या नळकांड्यांचा वरचा, खाच पाडलेला सपाट भाग फुगून घुमटासारखा झालेला किंवा फुटून तपकिरी द्रव सुकलेला दिसला, तर कारण साध्या डोळ्यांना दिसू शकते. एसएमपीएसचा डबा मात्र सर्वसामान्य वापरकर्त्याने उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा धोका काही काळ शिल्लक राहू शकतो.

काही वेळा कार्य न होण्यामागे कशाचीच उणीव नसते. असू नये ती एक वस्तू तेथे असते. न्यायशास्त्रात यासाठी मण्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. अग्नी आहे, लाकूड आहे, दोघांचा संयोगही आहे, तरी विशिष्ट मणी जवळ ठेवला की लाकूड जळत नाही आणि मणी दूर केला की जळते. यावरून मीमांसकांनी असे म्हटले की अग्नीत दाहाची ‘शक्ती’ नावाचा एक वेगळा, न दिसणारा पदार्थ आहे आणि मणी तिला नष्ट करतो किंवा दडपतो. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीच्या पहिल्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, याला उत्तर दिले ते असे की अदृश्य शक्ती मानण्याची गरज नाही. मणी हा प्रतिबंधक, म्हणजे अडथळा आहे, आणि प्रतिबंधकाचा अभाव हाही कारणसामग्रीचाच एक घटक आहे. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या पितळी खुंट्यांपैकी एखादी खुंटी चुकीच्या भोकात बसवली गेली, किंवा निसटलेला एक स्क्रू मदरबोर्डखाली जाऊन अडकला, की मागच्या बाजूचे टाके पत्र्याला टेकतात आणि शॉर्ट होतो. एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो, आणि बटण दाबल्यावर पंखा पाव फेरा फिरून थांबतो. येथे नवा भाग बसवावा लागत नाही. मदरबोर्ड उचलून लाकडी टेबलावर पुठ्ठ्यावर ठेवला की तोच संगणक सुरू होतो, आणि कारागिराच्या हातात शेवटी उरतो तो सहा मिलिमीटरचा स्क्रू. ‘जुनी मशीन, तिच्यात आता दमच राहिला नाही’ असे म्हणणारा मनुष्य नकळत शक्तिवाद मांडत असतो, आणि स्क्रू शोधणारा उदयनाचार्यांच्या बाजूने उभा असतो.

याहून सूक्ष्म अशी एक स्थिती आहे, जिच्यात उणीवही नसते आणि अडथळाही नसतो, फक्त जोडणी गेलेली असते. न्याय-वैशेषिक मतात वस्त्राचे समवायी कारण तंतू, निमित्त कारण विणकर आणि माग, आणि असमवायी कारण म्हणजे तंतूंचा परस्परांशी झालेला संयोग. तंतू सगळे हजर असले तरी संयोग नसेल तर वस्त्र नाही. जुन्या संगणकात रॅमच्या पट्टीच्या सोनेरी पट्ट्यांवर दमट हवेने काजळी धरते, स्लॉटमध्ये धूळ बसते, आणि प्रत्येक भाग आपापल्या जागी निर्दोष असूनही संयोग तुटतो. कोकणातल्या पावसाळ्यानंतर बंद पडलेल्या संगणकांत असे पुष्कळदा आढळते, आणि त्यावरचा उपाय शाळकरी मुलाच्या दप्तरात मिळतो: पांढऱ्या खोडरबराने त्या सोनेरी कडा हलक्या हाताने घासायच्या, रबराचा भुगा झटकायचा, स्लॉट ब्रशने साफ करायचा आणि दोन्ही बाजूंच्या कड्या टक्‌ असा आवाज करून बसेपर्यंत पट्टी दाबायची.

येथेच अनुमानाचा सर्वांत मोठा धोका उभा राहतो. कारागिराने जुनी रॅम काढली, नवी बसवली आणि संगणक सुरू झाला. यावरून ‘जुनी रॅम खराब होती’ असे ठरवणे जवळजवळ सगळ्यांना पटते. अन्वय, म्हणजे एक असता दुसरे असणे, येथे दिसला. परंतु न्यायशास्त्र विचारते की या संबंधात उपाधी, म्हणजे लपलेली अट, नाही ना. जेथे अग्नी तेथे धूर हा नियम चुकतो, कारण धुरासाठी ओले सरपण ही आणखी एक अट लागते आणि लोखंडाच्या तापलेल्या गोळ्यात ती नसते. त्याचप्रमाणे नवी रॅम बसवताना स्लॉट घासला गेला आणि त्या घासण्यानेच संयोग पुन्हा जुळला असेल, तर श्रेय नव्या रॅमचे नाही. मराठीत अशा ठिकाणी कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असे म्हणतात, आणि संस्कृतात यालाच काकतालीय न्याय हे नाव आहे. व्यतिरेक, म्हणजे एक नसता दुसरे नसणे, पाहिल्याशिवाय हा संशय मिटत नाही. जुनी रॅम साफ करून परत त्याच स्लॉटमध्ये बसवली आणि दोष पुन्हा दिसला, तरच तिच्यावरचा आरोप सिद्ध होतो. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात अन्वय आणि व्यतिरेक यांच्याशी मिळत्याजुळत्या पद्धती मांडल्या आहेत, आणि दोन दूरच्या परंपरा एकाच जागी येऊन पोहोचाव्यात यात नवल नाही, कारण निसर्ग दोघींनाही सारखाच फसवत होता. सुरू झालेल्या यंत्रात दोष पुन्हा आणून पाहणे हे व्यवहारात वेळखाऊ आणि मनाला नकोसे असते. पण चांगल्या कारागिराची ओळख याच नकोशा पावलात आहे. त्याचबरोबर एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा त्याचा नियम हाही व्यतिरेकाचीच शिस्त आहे, कारण तीन भाग एकदम बदलले तर यंत्र सुरू होते आणि ज्ञान मात्र हरवते.

योग्यानुपलब्धीचा विचार ज्या सर्वांत मोठ्या प्रश्नासाठी वापरला गेला तो ईश्वराचा होता, आणि म्हणून दुरुस्तीच्या टेबलावरची ही शिस्त धर्मविचारापासून दूर नाही. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, या आक्षेपाला उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीच्या तिसऱ्या स्तबकात उत्तर दिले, ते असे की न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते ते केवळ दिसण्यास योग्य अशा वस्तूच्या बाबतीत. केवळ प्रत्यक्ष मानणारा चार्वाक घराबाहेर पडला की त्याला बायकामुले दिसत नाहीत, म्हणून ती नाहीत असे त्याने मानावे काय, असा त्यांचा आशय आहे. या उत्तराची खरी ताकद त्याच्या प्रामाणिकपणात आहे. ईश्वर न दिसण्यावरून तो नाही हे सिद्ध होत नाही, एवढेच ते दाखवते. त्यावरून तो आहे हे सिद्ध होते असा दावा उदयनाचार्य करत नाहीत, आणि त्यासाठी त्यांना पुढे पाचव्या स्तबकात स्वतंत्र अनुमाने मांडावी लागतात. स्पीकर नसलेल्या संगणकाच्या मौनावरून तो मेला असे ठरत नाही तसे तो जिवंत आहे असेही ठरत नाही. श्रद्धावानाने आणि नास्तिकाने दोघांनीही हे समान बंधन मानले, तर त्यांच्यातल्या अनेक वादांचा कडवटपणा कमी होईल, कारण त्यांपैकी पुष्कळ वाद योग्यतेची अट न तपासता मौनाचा अर्थ लावल्याने उभे राहिलेले असतात.

या शिस्तीला एक नैतिक बाजूही आहे. एखाद्या यंत्राला ‘डेड’ ठरवणे हा निकाल आहे, आणि निकाल चुकला तर दुरुस्त होऊ शकणारी वस्तू भंगारात जाते, तिच्यातले शिसे मातीत मुरते आणि जिच्या मालकाला नवीन वस्तू परवडत नाही त्याच्यावर ती घेण्याची वेळ येते. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत पुनर्चक्रण करणाऱ्याबरोबरच वस्तू पुन्हा वापरण्याजोगी करणाऱ्यालाही नोंदणीची वेगळी जागा दिली आहे, म्हणजे मोडीत काढणे आणि जगवणे यांतला फरक कायद्यानेही ओळखला आहे. महाराष्ट्रात खंडेनवमीला आणि दसऱ्याला अवजारांची पूजा होते, आणि आता संगणकालाही झेंडूचे फूल वाहिले जाते, हळदकुंकू लावले जाते. ही पूजा खोटी नाही. परंतु जे अवजार माणसासाठी वर्षानुवर्षे राबले त्याच्याबद्दलचा आदर केवळ फुलात मावत नाही, तो त्याच्या मौनाची नीट चौकशी करण्यातही दिसावा लागतो. माणसांच्या बाबतीत तर ही चौकशी अधिकच आवश्यक आहे: वर्गात न बोलणाऱ्या मुलाला काही येत नाही, आजारी वृद्धाला काही कळत नाही, दूर गेलेल्या मुलाला आपली आठवण नाही, असे निकाल रोज दिले जातात, आणि त्या प्रत्येक ठिकाणी ‘त्याला कळत असते तर ते आपल्याला कळण्याची सोय आपण केली होती काय’ हा प्रश्न बहुधा विचारलाच गेलेला नसतो.

तपासाच्या शेवटी काही संगणक खरोखरच मृत निघतात: स्पीकर जोडलेला असतो, दुसऱ्या चालू संगणकातला एसएमपीएस लावून पाहिलेला असतो, रॅम आणि प्रोसेसर दुसऱ्या मदरबोर्डवर चालताना पाहिलेले असतात, मदरबोर्ड पुठ्ठ्यावर मोकळा ठेवलेला असतो, आणि तरीही काहीच होत नाही. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य प्रमाण असते. तेच वाक्य पहिल्या मिनिटाला उच्चारले असते तरी ते खरे ठरले असते, पण ते ज्ञान नसते. सुदैवाने बरोबर निघालेला तर्क असता. म्हणून यंत्र असो, माणूस असो की ईश्वर, ‘नाही’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी प्रत्येकाने एवढे पाहावे, की जे ऐकू येत नाही ते ऐकू येण्याची वाट आपण आधी मोकळी केली होती काय.